सगळे फिल्टर काढून टाका : एका बटणाच्या नोंदी

३ नोव्हेंबर, सोमवार

तिकीट आलं, म्हणजे करायच्या कामाची नोंद. मजकूर एका ओळीचा: "उत्पादन शोधाच्या पानावर सगळे फिल्टर एकदम काढायची सोय हवी." पाठवणारे ग्राहकसेवेतले लोक. त्यांना फोन येतात ते असे, की तुमच्याकडे काही दिसतच नाही, साइट बंद आहे का? चौकशी केली की कळतं, माणसाने रंग, साइज, ब्रँड, रेटिंग असं सगळं लावून ठेवलंय आणि त्या सगळ्यात बसणारी एकही वस्तू नाही. मोबाइलवर फिल्टरची पट्टी मिटलेली असते, त्यामुळे आपणच काय लावलंय हे त्याला दिसतही नाही. पान बंद करून पुन्हा उघडलं तरी तेच, कारण लावलेले फिल्टर ब्राउझरमध्ये साठवून ठेवायची सोय आम्हीच मोठ्या हौसेने केली होती.

सध्याची मांडणी लिहून ठेवतो, पुढे लागेल. फिल्टरचे सहा गट. चार चेकबॉक्सचे, एक किमतीचा स्लायडर, एक रेटिंगचा ड्रॉपडाउन. शिवाय वर "फक्त उपलब्ध वस्तू दाखवा" असा एक टॉगल, म्हणजे चालू-बंद करायची कळ. सगळं एकाच फॉर्ममध्ये. काहीही बदललं की जावास्क्रिप्ट यूआरएल (पानाचा पत्ता) बदलते आणि सर्व्हरकडून निकाल मागवते. बटण दाबून फॉर्म पाठवणं असा प्रकार नाही.

अंदाजाच्या रकान्यात "अर्धा दिवस" लिहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यात सोपी वाट आधी धरली. एचटीएमएलमध्ये रीसेट प्रकारचं बटण असतंच, फॉर्ममध्ये ठेवलं की काम झालं. झालं नाही.

निळा रंग आधीच निवडलेली लिंक उघडली, त्यावर लाल निवडला आणि रीसेट दाबलं. लाल गेला, निळा तसाच राहिला. बरोबरच आहे म्हणा. रीसेट फॉर्मला रिकामा करत नाही, पान सर्व्हरकडून आलं तेव्हा फॉर्म जसा होता तसा करतो. आमचं पान यूआरएल वाचून चेकबॉक्स आधीच टिक करून पाठवतं, म्हणजे त्याच्या लेखी निळा हीच मूळ स्थिती. ग्राहकसेवेला ज्यांचे फोन येतात ती मंडळी नेमकी अशीच, जुनी लिंक किंवा साठवलेले फिल्टर घेऊन आलेली. त्यांच्यासाठी हे बटण काहीच करणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून चिडवणारी. रीसेट झाल्यावर फॉर्मला रीसेटचा इव्हेंट, म्हणजे "असं घडलं" ही सूचना मिळते, पण प्रत्येक चेकबॉक्सला चेंजचा इव्हेंट मिळत नाही. आमचा सगळा कारभार चेंज ऐकण्यावर चालतो. त्यामुळे डावीकडे टिक गेलेली आणि उजवीकडे निकाल जुनेच, असं विचित्र दृश्य दिसलं.

रीसेटचा नाद सोडला. साधं बटण ठेवलं आणि घाईत त्याला प्रकार द्यायला विसरलो. फॉर्ममधल्या बटणाला प्रकार दिला नाही तर ते सबमिटचं असतं हे इतकी वर्षं माहीत असूनही पंधरा मिनिटं "पान का रिफ्रेश होतंय" म्हणून शोधत बसलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज कोड लिहिला नाही, बोलणं झालं. डिझायनर, टेस्टर, ग्राहकसेवेतली एक सहकारी आणि मी. प्रश्न एकच: काढायचं म्हणजे नेमकं काय काय काढायचं?

शोधाचा शब्द? मी म्हणत होतो तोही जावा, कोरं पान मिळावं. ग्राहकसेवेतली सहकारी म्हणाली, "अहो, त्याला जे हवंय ते त्याने शब्दात लिहिलंय. फिल्टर चुकले म्हणून त्याचं मागणंच पुसून टाकाल का?" मुद्दा पटला. शब्द राहील. शब्दाच्या खोक्याला त्याची स्वतःची फुली आहेच.

क्रम, म्हणजे "नवे आधी" वगैरे, राहील. त्याने काही लपत नाही, फक्त मागेपुढे होतं. जाळी की यादी, हेही तसंच. पान क्रमांक मात्र पहिल्यावर यायलाच हवा. तिसऱ्या पानावर असताना फिल्टर काढले आणि माणूस मोठ्या यादीच्या तिसऱ्या पानावर राहिला, तर त्याला वाटेल सुरुवातीच्या वस्तू कुठे गेल्या.

मग विभागाची पानं. मेनूतून एखाद्या विभागात शिरलं की आतून तोही फिल्टरच असतो, यूआरएलमध्ये तसाच दिसतो. बटणाने तोही काढला तर माणूस एका विभागातून उठून सगळ्या दुकानाच्या मधोमध येऊन पडेल. म्हणून फिल्टरचे दोन प्रकार करायचे: पानाचे आणि माणसाचे. पानाच्यांना हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो "फक्त उपलब्ध" टॉगलवर. हा मुळातच चालू असतो. काढून टाकायचं म्हणजे तो बंद करायचा का? डिझायनरचं म्हणणं, बंद करा, त्यानेही वस्तू लपतातच आणि बटणावर "सगळे" लिहिलंय. टेस्टरचं म्हणणं, मग बटण दाबल्यावर संपलेल्या वस्तू दिसायला लागतील, ज्या त्या माणसाने कधी मागितल्याच नव्हत्या. अर्धा तास याच्यातच गेला. शेवटी टेस्टरनेच फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि ते आम्ही नियम म्हणून धरलं: बटण दाबल्यावर पान तसं दिसावं, जसं त्या माणसाने फिल्टरला हातच लावला नसता तर दिसलं असतं. म्हणजे टॉगल चालूच. त्याने आधी बंद केला असेल तर बटणाने तो पुन्हा चालू होईल.

या वाक्याचा फोटो काढून तिकिटाला जोडला. अंदाज बदलून तीन दिवस केला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चेकबॉक्स एकेक करून रिकामे करायचे हा विचारच सोडून दिला. उलटीकडून सुरुवात केली: आधी हवा तो यूआरएल तयार करायचा, मग त्या यूआरएलवरून फॉर्म रंगवायचा, म्हणजे टिका वगैरे त्याप्रमाणे दाखवायच्या. पान उघडताना हे काम करणारं फंक्शन आमच्याकडे आहेच. आताच्या पत्त्यातून शोधाचा शब्द, क्रम, मांडणी आणि पानाचे फिल्टर एवढेच उचलायचे, बाकी काही घ्यायचंच नाही. "काय काढायचं" याची यादी ठेवण्यापेक्षा "काय ठेवायचं" याची यादी ठेवलेली बरी. उद्या कुणी सातवा फिल्टर जोडला आणि या यादीत लिहायला विसरला, तर तो आपोआप निघून जाईल. उलट यादी असती तर तो चिकटून राहिला असता.

यूआरएलच मिळाला म्हटल्यावर साधी लिंकच ठेवली. दिसायला बटण, आतून अँकर. जावास्क्रिप्ट यायला उशीर झाला तरी दाबल्यावर चालतं, आणि कुणाला नव्या टॅबमध्ये उघडून दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे असतील तर तेही जमतं. एक तोटा आहे. कीबोर्डवर लिंक एंटरने उघडते, स्पेसने नाही. बटण म्हणून दिसणाऱ्या गोष्टीवर लोक स्पेस दाबतात आणि पान खाली सरकतं. दोन मतं होती. तिकिटाच्या चर्चेत टेस्टरने "बटण दिसतंय ना, मग बटणासारखं वागू दे" असं लिहिलं. शेवटी जावास्क्रिप्ट आली की त्या लिंकच्या जागी खरं बटण बसवतो. नव्या टॅबची सोय त्यात गेली, याची थोडी चुटपुट आहे.

"तुम्हाला खात्री आहे का?" अशी खिडकी हवी का असं विचारण्यात आलं. नको म्हणालो. फिल्टर बदलताना आमचा जुना कोड ब्राउझरच्या इतिहासातली आताची नोंदच बदलतो, म्हणजे रिप्लेसस्टेट वापरतो. इथे मुद्दाम पुशस्टेट वापरलं, म्हणजे नवी नोंद पडते. चुकून दाबलं तर ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबायचं, सगळे फिल्टर जागच्या जागी. फक्त मागे-पुढे गेल्यावर येणारा पॉपस्टेट हा इव्हेंट ऐकून त्या पत्त्यावरून फॉर्म पुन्हा रंगवावा लागतो. पुशस्टेट केल्यावर पॉपस्टेट आपोआप येत नाही, म्हणून बटण दाबल्यावरचं रंगवणं स्वतः बोलवायचं. हे एकदा विसरून झालं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टेस्टरने चेकबॉक्स टिक केला आणि लगेच आमचं बटण दाबलं. टिक गेली, यूआरएल कोरा, निकाल मात्र फक्त लाल वस्तूंचे.

टिक केल्यावर आम्ही ३०० मिलिसेकंद थांबून मग सर्व्हरला विचारतो, म्हणजे भराभर चार टिक केल्या तर चार विनंत्या जात नाहीत. बटणाची विनंती लगेच गेली आणि आधीच्या टिकचा टायमर तिच्या मागून पेटला. उपाय: बटण दाबताक्षणी टायमर रद्द, आणि वाटेत असलेली विनंतीही अबॉर्टकंट्रोलरने तोडायची. तोडल्यावर येणारी चूक ही चूक नव्हे, ती गिळायची, नाहीतर पडद्यावर "काहीतरी बिघडलं" ची लाल पट्टी चमकते.

संध्याकाळी एक आपोआप चालणारी चाचणी लिहिली. फळ्यावरचं वाक्यच चाचणीत उतरवलं: कुठलेही दोन ते पाच फिल्टर लावा, बटण दाबा, आणि दुसऱ्या खिडकीत तेच पान कोरं उघडा. दोन्हीकडचा पत्ता आणि निकालांची संख्या सारखी हवी. शनिवार-रविवार चालू ठेवून घरी गेलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

चाचणी लाल, म्हणजे नापास. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा. कोऱ्या पानापेक्षा बटणानंतरच्या पानावर १२ वस्तू कमी. पत्त्यांत फरक: आमच्या पत्त्याला किमान किंमत आणि कमाल किंमत असे दोन शेपटं लागलेली.

आधी वाटलं शेपटांचं काय एवढं, स्लायडरची दोन्ही टोकं तर आहेत, टोकापासून टोकापर्यंत म्हणजे सगळंच. मग त्या १२ वस्तू कोणत्या ते पाहिलं. सगळ्यांना किंमतच नव्हती. "किंमत विचारा" अशा प्रकारच्या वस्तू, डेटाबेसमध्ये किमतीचा रकाना नल, म्हणजे काहीच न भरलेला. आणि नल शून्यापेक्षा मोठा आहे का असं एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, विचारलं तर उत्तर ना हो येतं ना नाही, अज्ञात येतं. अट पक्की खरी ठरली नाही की ती ओळ बाहेर. तेव्हा "शून्यापासून पुढे" आणि "किमतीची अटच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

पण शेपटं लागली कशी? मी तर ठेवायच्या यादीत किंमत लिहिलीच नव्हती. दोन तास गेले. यूआरएल कोराच तयार होत होता. त्यानंतर फॉर्म रंगवताना स्लायडरच्या घटकाला "दोन्ही टोकांवर जा" असं सांगितलं जायचं, तो आज्ञाधारकपणे जायचा, आणि गेल्याबद्दल चेंजचा इव्हेंट द्यायचा. तो ऐकून आमचा जुना कोड पत्त्याला किमती चिकटवायचा. परवा रीसेट इव्हेंट देत नाही म्हणून रडत होतो, आज हा देतो म्हणून.

स्लायडर हलल्याचा इव्हेंट माणसाच्या बोटाने झाला की कोडने, हे आता वेगळं ओळखतो. आणि दोन्ही टोकांवर असलेला स्लायडर पत्त्यात काहीच लिहीत नाही. म्हणजे कुणी स्लायडर ओढून पुन्हा जागेवर आणला तरी त्या १२ वस्तू परत दिसतात. ही चूक बटणाच्या आधीपासून होती. बटण नसताना कोऱ्या पानाशी कुणी ताडूनच पाहिलं नव्हतं.

अजून एक दिसलं, पण आज हात लावला नाही. स्लायडरची टोकं निकालांबरोबर सर्व्हरकडून येतात. ब्रँड निवडला की त्या ब्रँडच्या किमतींएवढीच पट्टी उरते. फिल्टर काढल्यावर नवे निकाल येईपर्यंत पट्टी आखूडच दिसते, मग झटक्यात लांब होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून बसलो.

बटण फक्त फिल्टर लावलेले असतानाच दिसतं. दाबलं की काम करून स्वतःच नाहीसं होतं. डोळ्यांना ते छान वाटतं, पण कीबोर्डचा फोकस त्याच्यावर होता, तो कुठे जाणार? तो थेट पानाच्या मुळाशी गेला. टॅब दाबला तर पुन्हा सगळ्यात वरच्या लोगोपासून सुरुवात. ऐकणाऱ्याला तर काय झालं याचा पत्ताच नाही, एकदम शांतता. आता बटण गेलं की फोकस निकालांच्या शीर्षकावर नेतो, त्यासाठी त्याला टॅबइंडेक्स उणे एक दिला.

शीर्षकाखाली "इतक्या वस्तू सापडल्या" ही ओळ आहे, तिला स्टेटसची भूमिका दिली म्हणजे बदलली की वाचली जाते. साइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांमध्ये २०१८ च्या २.१ आवृत्तीपासून हे वेगळं कलमच आहे, ४.१.३. पहिल्यांदा केलं तेव्हा वाचलं गेलं नाही. ती ओळ आम्ही दर वेळी काढून नव्याने टाकत होतो. ओळ आधीपासून पानात हवी आणि फक्त तिच्यातला मजकूर बदलायला हवा, तेव्हाच रीडरला बदल भरवशाने कळतो.

मोबाइलवर बटण "निकाल पाहा" च्या अगदी शेजारी होतं. एक लावतं, एक काढतं, आणि मधे अंगठ्याएवढीही जागा नाही. डिझायनरला दाखवलं. तिने काहीही न बोलता आमचं बटण उचलून पट्टीच्या वरच्या बाजूला, शीर्षकाशेजारी नेलं. लावलेल्या प्रत्येक फिल्टरचं नाव दाखवणारी छोटी चिप असते, तिच्यावरची फुली १६ पिक्सेलची होती. डब्ल्यूसीएजी २.२ ला किमान २४ बाय २४ लागतात. आम्ही ४४ केल्या, दिसायला फुली तेवढीच, भोवतालची दाबायची जागा वाढवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बटणावर लिहायचं काय. इंग्रजी इंटरफेसचा मजकूर दोन मिनिटांत ठरला. मराठीला दुपार लागली.

"रीसेट" मी आधीच बाद केलं होतं, मंगळवारचा राग अजून गेला नव्हता. "रद्द करा" हे आमच्याकडे ऑर्डरच्या बटणावर आहे, ते इथे दिसलं की माणसाच्या पोटात गोळा येईल. "साफ करा" ऐकून ग्राहकसेवेतली सहकारी म्हणाली, "काय साफ? माझी यादी? माझं कार्ट?" "हटवा" सरकारी फलकासारखं वाटतं. "फिल्टर काढा" सगळ्यांना आवडलं, तेच ठरलंही. जेवून आल्यावर टेस्टरने हळूच विचारलं, "काढा म्हणजे बाहेर काढा की काढून टाका?" आणि खरंच, छत्री काढा म्हटलं की आपण ती पिशवीतून बाहेर काढतो. मिटलेल्या पट्टीशेजारी "फिल्टर काढा" लिहिलं तर लोक पट्टी उघडेल म्हणून दाबणार. नुसतं "टाका" म्हणावं तर फिल्टर टाकणं म्हणजे लावणं! दोन्ही एकत्र आणले तेव्हा संशय मिटला: "सगळे फिल्टर काढून टाका". लांब आहे. अरुंद फोनवर दोन ओळी होतात. होऊ देत.

शेजारी किती फिल्टर लावलेत तो आकडा दाखवायचा होता. इंग्रजीत चाललं, मराठीत बटणच गायब. आकडा दाखवताना आम्ही भाषेनुसार रूप देतो, मराठीला तो "३" असा देवनागरीत येतो. आणि बटण दाखवायचं की नाही हे ठरवणारा जुना कोड तोच लिहिलेला आकडा पडद्यावरून वाचून पार्सइंटला, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, देत होता. जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला देवनागरी अंक कळत नाहीत, ते "हा आकडाच नाही" म्हणून मोकळं होतं, आणि आकडा नसलेलं काही शून्यापेक्षा मोठं नसतं. पडद्यावर लिहिलेलं पुन्हा वाचून त्यावर निर्णय घ्यायचे ही सवय कुणाची, ते कोडच्या इतिहासात पाहिलं. माझीच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उरलेली फुटकळ कामं. बटणाने ब्राउझरमध्ये साठवलेले फिल्टरही पुसले जातात, नाहीतर उद्या पान उघडल्यावर भूत परत येतं. फायरफॉक्समध्ये पान रिफ्रेश केलं की तो चेकबॉक्सच्या टिका स्वतःहून लक्षात ठेवतो, यूआरएल कोरा असला तरी. फॉर्मचं ऑटोकम्प्लीट बंद केलं, थांबलं. एखाद्या वस्तूच्या पानावर जाऊन मागे आलं तर ब्राउझर पान जसंच्या तसं आठवणीतून काढून देतो, तिथे पान दिसल्याचा पेजशो हा इव्हेंट ऐकून फॉर्म पत्त्याशी पुन्हा ताडून घेतला.

शून्य निकालांच्या पानावर, "काही सापडलं नाही" च्या खाली, तेच बटण मोठं करून ठेवलं. खरं तर तिकीट यासाठीच होतं. काम दहा मिनिटांचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचणी दिवसभर हिरवी. शुक्रवारी नवं काही ग्राहकांसाठी बाहेर सोडायचं नाही, म्हणून सोडलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बाहेर गेलं. दुपारी ग्राहकसेवेतली सहकारी स्वतः जागेवर आली. एकाचा फोन होता, त्याने बटण दाबलं आणि त्याचा विभाग तसाच राहिला, तर "सगळे" का लिहिलंय? तिने त्याला समजावलं होतं, पण विचारत होती, आपण त्याला सांगितलं ते बरोबर ना? बरोबरच. पण त्याचंही चूक नाही. विभागाचं नाव चिपसारखंच, त्याच राखाडी रंगात आणि त्याच ओळीत दिसतं, म्हणजे तोही फिल्टरच वाटणार. डिझायनरने ते चिपच्या ओळीतून उचलून वर शीर्षकात नेलं. संध्याकाळी तो बदलही गेला.

तिकीट बंद केलं. लागलेल्या वेळाच्या रकान्यात नऊ दिवस लिहिले. आखूड-लांब होणाऱ्या स्लायडरचं वेगळं तिकीट उघडलं, माझ्याच नावावर. अंदाजाचा रकाना अजून रिकामा ठेवला आहे.